मोड पुरून टाकायचे

फागुन वद ८

जवारी भि. तीन पायल्या. मधल्या खोलीत, रांजणात. पाणी दोनदा बदललं.

आंदा भट्टीला मोहाच्या फुलांच्या गाड्या आल्या न्हाईत. गुत्तेदारानं दगडूला निरोप धाडला, जवारीवर काढ म्हणून. सरकार एका तोंडानं म्हणतंय दाणा लेव्हीच्या वसुलीला घाला, भट्टीत घालाल तर बेड्या. दुसऱ्या तोंडानं तेच सरकार गुत्तेदाराला म्हणतंय दारूचा गुत्ता भर. दोन तोंडं, मुंडकं एकच.

दगडू म्हणला, "माय, मोड आणावेत तर तूच." पोटचा ल्योक गोड बोलायला लागला की समजायचं, सुरी पाठीमागं हाय.

जवारी कुठली म्हणून इचारलं. सांगत न्हाई. टपोरी हाय, जमिनीतल्या पेवाचा दमट वास हाय. लेव्हीच्या सालात कोणाच्या पेवात एवढा दाणा राहिला, देव जाणे न्हाई तर दगडू जाणे.

वद ९

पाणी काढलं. गोणपाटात बांधून रिकाम्या कणगीत ठिवली.

हे पान ह्येंनी आखलेलं. भिजवलं कधी, बांधलं कधी, मोड कधी. मला अक्षर शिकवलं ते बी रांजणाला लागंल एवढंच. ह्ये जाऊन सहा वर्सं झाली, वहीत कोरं अजून लय हाय. म्हणून बाकीचं बी लिवायले. कागदाला काय, तो सून न्हाई की उलटं बोलंल.

सून राही म्हणली, "आत्याबाई, जवारीला बी बाळंतिणीगत गुंडाळून ठिवता."
म्हणलं, "हिला निदान तोंड न्हाई."

वद ११

मोड फुटले. पांढरे, उंदराच्या दातागत. दाणा चावून पाहिला, गोड लागायलाय. इथं थांबवायचं असतं. उद्या अंगणात पसरून खडखडीत वाळवायची, हातानं चोळून मोड झाडायचे, भरडायची, आन् मग पाण्यात आंबवून सडवा. मोडाची जवारी असली की गूळ निम्मा पुरतो, सडवा दोन दिसांत बुडबुडायला लागतो.

दुपारी ठाण्याचा जमादार गावात आला. संगं लेव्हीवाले. चावडीत उतरलेत. चावडीतून आमचं अंगण सगळं दिसतं. पसरायचं राहिलं.

वद १२

जमादार हायच. सकाळी एक कोंबडी, संध्याकाळी एक. घरोघर कणग्यांत काठी घालून बघायलेत. आमच्यात आले तर राहीनं कणगीपुढं पाळणा आणून टांगला आन् पोरीला चिमटा काढला. पोरगी अशी रडली की लेव्हीवाला दारातूनच माघारी. सून शानी हाय. तिला तसं सांगायचं न्हाई.

राही म्हणती घरातच वाळवा. घरात वाळत न्हाई, बुरसती. ऊन लागतं.

वद १३

पहाटं कणगीत हात घातला तर आत गरम. मोड बोटाएवढे, पिवळे पडलेले, एकमेकांत गुतून चटईगत झालेले. सगळं सत्त्व मोडात गेलं, दाण्यात नुसतं फोलपट. ह्याची दारू व्हत न्हाई, भाकर बी व्हत न्हाई. तीन पायल्या मातीत, आन् गावात लोक अंबाडीची भाजी नुसती उकडून खायलेत.

दगडू म्हणला, "आता काय करू?"
म्हणलं, "ओढ्याच्या अंगाला टाकून ये, जमादाराच्या नाकात वास जायच्या आत."
तांबडं फुटताना गेला, टोपलीवर पाला घालून. लगेच आला.

त्याच दिशी, दुपारी

महालिंगअप्पाची बैलजोडी पाण्याला सोडली व्हती, ओढ्याकडं. घटकाभरात एक बैल आडवा. तोंडाला फेस, पाय ताणलेले. दुसरा उभ्या उभ्या कापायला. कोणी म्हणलं पान लागलं, साप डसला. कोणी म्हणलं दृष्ट.

मी वाकून मेलेल्याच्या तोंडाचा वास घेतला. वल्या मोडाचा वास. जिभेवर एक पिवळा दोरा चिकटलेला. पदरानं पुसून टाकला. हात आपोआप गेला म्हणावं तर खोटं व्हईल. कळून गेला.

घरी येऊन भट्टीचा गूळ घेतला, पाण्यात कालवला, बांबूच्या नळीनं दुसऱ्याला पाजला. तीन तांबे. अर्धं बाहेर, अर्धं आत. ऊन कलताना बैलानं कान हलवला.

अप्पा मोठा माणूस, गावात दुकान, रानात विहीर, गळ्यात लिंग. पोरासारखा रडायला. म्हणला, "मावशी, देवासारख्या आलात."

ह्ये सांगायचे, मोड वाळले की चोळून चुलीत जाळायचे. वले टाकायची पाळी आली तर पुरून टाकायचे, हातभर खोल. त्यात किराळ असतं, ढोर मारणारं इख, उतारा म्हणजे गुळाचं पाणी. पावसानं ताण दिला की कोवळ्या जवारीत येतं तेच. शेतातलं किराळ शेंबड्या पोराला बी ठावं हाय. पण फागुनात रानं उघडी पडल्यावर किराळ कोणाच्या ध्यानात यील. मुळात कोणी जवारीला घरात मोड आणत न्हाई, आमच्याबिगर.

दगडूला मी टाक म्हणले. पूर म्हणले न्हाई. चाळीस वर्सं हेच काम केलं आन् एवढं एक सांगायचं राहिलं.

संध्याकाळी दगडूनं जाऊन राहिलेलं सगळं पुरलं. आता काय उपेग.

अमावस

बैल सटवानं ओढून नेला. खालच्या आळीतला सटवा, मेलेलं ढोर ओढायचं त्येच्या घरात पिढ्यान् पिढ्या. कातडं त्येचं.

जमादारानं अप्पाला इचारलं, "बैल मेल्यावर फायदा कोणाचा?" आता ह्याचं उत्तर गावात एकच निघतं. सटवा त्या दिशी पहाटं ओढ्यावर व्हता, हे बी लोकांनी सांगितलं. परसाकडला माणूस आणखीन कुठं जाईल, ते कोणी सांगितलं न्हाई.

झोपडीची झडती. सापडायला काय, गाडगी. पण त्येच्या पोराच्या गळ्यात लाल गुंजांची माळ, दृष्ट लागू न्हाई म्हणून त्येची बायको गिरजा हिनं ववलेली. जमादार म्हणला, "हेच ते." गुंजा वाटून त्येची सुई करतात, ढोराला टोचतात, ढोर मरतं. असं कोणी कोणी करतं बी. माळ तोडून फडक्यात बांधली. मुद्देमाल म्हणं.

सटवाला चावडीपुढं बडवलं. मी भांडी घासत व्हते. एकच तवा लय वेळ घासला.

ठाण्यावर नेला. दशमीला परभणीला चलान करणार. तिकडं गेलेला माणूस लवकर माघारी येत न्हाई, आन् आला तर ओळखू येत न्हाई.

चैत शुद १

पाडवा. गुडी उभारली. साखरेची गाठी भेटली न्हाई. कडुनिंब लय, त्येच्यावर लेव्ही न्हाई.

अप्पानं गड्याच्या हाती दोन पायल्या जवारी धाडली. "मावशीनं बैल वाचवला म्हणून." ठिवून घेतली. माघारी धाडायची तर कारण सांगावं लागलं असतं.

राही खुश. तिनं लगेच जातं पुसलं. मी म्हणलं, आज दळू नको.

शुद २

गिरजा आली. परसदारी उभी राहिली, ये म्हणलं तरी आत येईना. पोरगं कडंवर, गळा मोकळा.

म्हणली, "माय, तुमी गूळ पाजला आन् बैल उठला. व्हय ना?"
म्हणलं, "व्हय."
"मंग गुंजाची सुई टोचली असती तर गुळानं उठला असता का? एवढंच जमादाराला इचारा की. माजं कोण ऐकतंय."

बाई माज्याहून शानी. गावात दीडशे उंबरा, ही गोष्ट कोणाच्या टकुऱ्यात आली न्हाई.

म्हणलं, "इचारीन."
ती हालली न्हाई. "कधी?" म्हणली.

भाकरी दिली. तिनं पोराच्या हातात दिली आन् गेली.

शुद ३

दगडूला समोर बसवलं.

"माय, तू तोंड उघडलंस की जमादार इचारणार, मोड कशाला आणले. मंग भट्टी निघंल. मंग मी."
"व्हय."
"व्हय काय? मला बेड्या पडल्या तर चालतील?"
"सटवाला पडल्यात त्या चालायल्यात का?"
"तो काय तुजा ल्योक हाय?"

न्हाई. सटवाचा मला पुळका बी न्हाई. दोन सालामागं त्येनं आमचं कुत्रं धोंडा घालून मारलं, त्येची कोंबडी नेली म्हणून. तवा मी त्येला सात पिढ्यांपातूर शिव्या घातल्या व्हत्या, त्या मी माघारी घेत न्हाई. पण कुत्रं त्येनं मारलं. बैल न्हाई.

नुसतं सांगून व्हायचं न्हाई. जवारीच्या मोडानं बैल मेला म्हणल्यावर जमादार हसंल. म्हणंल म्हातारीला चढली. दाखवावं लागंल.

जवारी भि. दोन पायल्या. अप्पानं दिली तीच. ह्या टायमाला रांजण वसरीवर, सगळ्यांच्या देखत.

राही म्हणली, "घरात पीठ न्हाई आत्याबाई."
ठावं हाय.

शुद ४

बांधली.

येता-जाता लोक बघायलेत. शेजारीण म्हणली, "मावशी, उघड्यावर मोड? जमादार गेला म्हणून लय धीर आला."
म्हणलं, "आमटी करायची हाय."
"जवारीच्या मोडाची आमटी?"
"तुला घालीन की वाटीभर."

शुद ५

दगडूला म्हणलं, सोनपेठला बहिणीकडं जा. तिथून पुढं नदी उतरून कुठं बी. मोड बोटाएवढे व्हायला अजून तीन दिस हायत, तेवढी तुला सुटी. नंतर मी बोलणार.

गेला न्हाई. वसरीला पाठ लावून बसलाय. भट्टीकडं बी गेला न्हाई. गुत्तेदाराचा माणूस येऊन गेला, त्येला म्हणला आंगात ताप हाय. आंग गार व्हतं, मी हात लावून पाहिला.

राही चुलीपुढून म्हणली, "तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून आमचं घर पेटवायलात."
म्हणलं, "माज्या जिवाला बरं वाटायचं वय गेलं."
ती रडली. मला रडणाऱ्या बाईपाशी बसता येत न्हाई. उठून शेळीला पाणी दाखवलं.

शुद ६

मोड दिसले. दाणा चावला न्हाई. ह्या टायमाला गोडाचं काम न्हाई.

शुद ७

सकाळी गोणपाट वलं व्हतं. काल पाणी मारायचं मी इसरले व्हते. घरात मोठी माणसं तीन. मी धरून. कोणी मारलं ते इचारलं न्हाई.

मोड सुईएवढे. उद्या व्हतील.

शुद ८

निम्मे मोड टोपल्यात घेतले, निम्मे राखून ठिवले. ढवळीच्या गळ्यात दोरी. ढवळी म्हणजे आमची शेळी, दुभती. नातीला तिचंच दूध, राहीला पान्हा पुरत न्हाई. हे सगळं ठावं असून नेली. घरात दुसरं जनावर न्हाई.

अप्पाच्या गोठ्यात गेले. म्हणलं, "बसा अप्पा. हे बोलून पटायचं न्हाई, बघावं लागंल."
टोपलं पुढं ठिवलं. ढवळी खादाड, मान वर केली न्हाई.
अप्पा हसायला. "मावशी, शेळी चारायला माज्या गोठ्यात कशाला?"
त्येचं पान खाऊन व्हायच्या आत तिचे पाय कापायला लागले. मंग पडली. फेस. तेच सगळं. अप्पाचं हसू व्हटावर तसंच राहिलं, कोणी काढायला इसरावं तसं.

मी सगळं सांगितलं. कणगी, जमादार, ओढा, पुरायचं राहिलं ते. जिभेवरचा मोड पुसला ते बी.

वाटलं आता हात उचलंल. त्येनं उठून गोठ्याचं दार लोटलं.

"मावशी, आणखीन कोणाला सांगितलं?"
"घरात."
"बरं झालं. बाहेर नका सांगू."
"तुमचा बैल मी मारला म्हणायले, आन् तुमीच गप बसा म्हणता?"
"दगडूनं तुमाला सांगितलं न्हाई का, ती जवारी कुठली व्हती?"

त्येनं पायाखालच्या भुईकडं बघितलं. आता पेव समजलं. वासावरून आधीच कळायला पाहिजे व्हतं. लेव्हीवाल्यापुढं ह्या माणसानं लिंगाला हात लावून शपथ घेतली, घरात दाणा न्हाई म्हणून. शपथ खरीच व्हती. घरात न्हाई, गोठ्याखाली व्हता. मी उभी व्हते ती त्येच पेवावर. तिथून गुत्तेदाराला, गुत्तेदाराकडून माज्या रांजणात, माज्या रांजणातून ओढ्याला, आन् ओढ्यावरून त्येच्याच बैलाच्या पोटात.

म्हणलं, "सटवाचं काय?"
"सुटंल की. साल-सहा महिने. तवर त्येच्या बायकोला मी दाणा घालीन."
"पेवातला?"
त्येनं लोटलेलं दार उघडलं. दारापाशी म्हणला, "शेळी दुसरी देतो."
म्हणलं, "नको. तुमच्या घरची असंल तर तिला गप बसायची सवय असंल."

मेलेली शेळी ओढायला गावात माणूस न्हाई. तो ठाण्यावर हाय. शेवटी दगडू आला, त्येनं खांद्यावर घेतली आन् आमच्याच परसात पुरली. खड्डा लय खोल काढला.

नातीला कण्यांची पेज पाजली. थुकली. पुन्ना पाजली.

शुद ९

रामाचा जन्म आज. मला देवळात जायला येळ न्हाई.

उद्या दशमी. ठाणं तीन कोस. राखलेले मोड वल्या फडक्यात, वरून वलं गोणपाट, वरून टोपलं. संगं पाण्याचा तांब्या, वाटंनं शिंपडायला. चैताचं ऊन लागून वाळले तर किराळ मरतं. मंग कोणी बी खाईल आन् ढेकर देईल, मी खोटी पडंन आन् सटवा बी.

काल राहीनं इचारलं, "कोणी केलं म्हणून सांगणार?"
मी. भिजवलं मी, बांधलं मी, टाक म्हणलं मी. ह्यात एक अक्षर खोटं न्हाई.
"आन् भट्टी?"
इचारलं तर सांगीन. न इचारता सांगायला मी काय भाट न्हाई. पण इचारंल. तो काय म्हातारीच्या रांजणावर थांबायचा न्हाई. अप्पाचं पेव बी इचारलं तर सांगीन. मंग गावात आमाला पाणी कोण भरू देईल ते बघायचं.

शेळी न्हाई आता दाखवायला. त्येचा इचार केला. जमादाराच्या दारात म्हैस बांधलेली असती, काळी, मोठी, गावोगावच्या पेंडीवर पोसलेली. मोड तिच्यापुढं ठिवीन. म्हणंन, जमादारसाब, मी येडी असंन तर खाऊ द्या तिला. त्येनं खाऊ दिलं तर घटकाभरात त्येला दिसंल. आन् मधी हात घातला, टोपलं वढलं, तर त्येला पटलं, मंग तोंडानं काय बी म्हणू दे. तिथं गिरजाला बी उभी करणार. ती बघंल त्येचा हात.

पटल्यावर तो काय करंल, ते मला ठावं न्हाई. पटूनशान बी माणसं काय काय करतात, ते काल गोठ्यात बघितलं.

गिरजा परसदारी येऊन थांबलीय. ह्या टायमाला कधी म्हणून इचारलं न्हाई.

दगडू पुढच्या दारात, उंबऱ्यावर आडवा बसलाय. म्हणलं, सरक. सरकत न्हाई. मागच्या दारानं जाता येतं. पण मी पुढच्या दारानंच जाणार.

मोड वले हायत. निघायले.